कल्याणची धांवती वादसभा

कल्याण हें गांव फार प्राचीन आहे, असें कल्याणकर मंडळी पाहुण्यास प्रथम सांगतात, आणि तें खोटें नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत या गांवच्या दात्यांचे उल्लेख आहेत, ग्रीक खलाशांच्या प्रवासवृत्तांत या बंदराचें नांव आहे, आणि खाडीकांठीं दुर्गाडीचा किल्ला अद्यापि उभा आहे. परंतु आजच्या कल्याणची खरी ओळख ज्यास करून घ्यावयाची असेल, त्यानें किल्ल्यावर न जातां सकाळीं आठाच्या सुमारास स्थानकाच्या फलाटावर जावें. १ मे १८५४ रोजीं येथें आगगाडी आली. तेव्हांपासून या गांवाचें अर्धें आयुष्य रुळांवर जात आलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. कसाऱ्याकडून आणि कर्जतकडून येणाऱ्या दोन वाटा येथें एक होतात, आणि बोरीबंदर सुमारें चौपन्न किलोमीटर राहतें. जलद गाडीला त्यासाठीं तास-सव्वा तास लागतो. एवढ्या वेळांत माणसांनीं करावें तरी काय? कांहीं झोपतात, कांहीं टाळ घेऊन भजन करतात, आणि पुष्कळसे वाद घालतात. हा वाद बाराहि महिने राजकारणाचा असतो, असा परक्यांचा समज आहे. हिवाळ्यांत रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, म्हणजे आमच्या डब्यांतील मंत्रिमंडळें बाजूस पडतात, आणि मुंबईच्या क्रिकेट संघाची झाडाझडती सुरू होते.

आमच्या न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठीं चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष कांहींच न मांडतां दुसऱ्याचा पाडण्यापुरतीच जी चालते ती वितंडा. कल्याणहून गाडी सुटते तेव्हां असतो तो वाद. डोंबिवलीस दाराशीं रेटारेटी झाली कीं त्याचा जल्प होतो, आणि ठाणें सोडल्यावर शुद्ध वितंडा. पूर्वीं जलद लोकल पारसिकच्या जुन्या बोगद्यांतून जात, तेव्हां त्या गडगडाटांत सर्वांस क्षणभर गप्प बसावें लागे. आतां जलद लोकलची वाट बदलली आहे, आणि तेवढीहि विश्रांति राहिली नाहीं.

या वादाचें मूळ समजण्यास थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. मुंबईच्या संघानें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळां रणजी करंडक जिंकला. ज्या घरीं पंधरा वर्षें रोज पुरणपोळी शिजली, त्या घरच्या माणसांस साधा वरणभातहि उपासासारखा वाटावा, यांत नवल नाहीं. २०१६ सालीं पुण्यास सौराष्ट्राचा पाडाव करून संघानें एक्केचाळिसावें विजेतेपद मिळविलें, आणि तेथून खरोखरीचा उपास सुरू झाला. २०१७ च्या जानेवारींत इंदुरास अंतिम सामन्यांत गुजरातनें हरविलें. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपुरास कर्नाटकानें डावानें हरविलें. २०१९ च्या नाताळांत तर प्रत्यक्ष वानखेडे मैदानावर रेल्वेच्या संघानें तीन दिवसांत दहा गडी राखून धूळ चारली. खिशांत रेल्वेचा पास बाळगणाऱ्या आमच्या मंडळींस हा पराभव विशेष झोंबला. "रोज यांच्याच गाडींत उभे राहतों, आणि आतां यांच्याकडूनच हरायचेंहि!" असे उद्गार मीं स्वतः ऐकले आहेत.

बॉस्टन येथें स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी मला अधूनमधून पत्र पाठवितो. त्यास मीं हें दुःख कळविलें, तेव्हां तो हंसला. तिकडे बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचाच एक चुलत खेळ आहे, आणि बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' संघानें १९१८ नंतर जें विजेतेपद मिळविलें तें एकदम २००४ सालीं! शहाऐंशी वर्षें तेथील लोक खेळाडूंस नांवें ठेवीत होते. बेब रूथसारखा मोहरा न्यूयॉर्कच्या संघास विकणाऱ्या मालकास दोष देत होते. आणि १९१२ सालचें आपलें फेनवे पार्क हें मैदान पाडावें कीं राखावें, यावर भांडत होते. "गुरुजी, तुमची आठ वर्षें म्हणजे एक एकादशी," असें त्यानें लिहिलें. त्याचें म्हणणें मला पटलें. पण डब्यांत तें कोणास सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

आमच्याहि वादाचे विषय हेच तीन. खेळाडूंविषयीं वडीलधाऱ्यांचा आक्षेप असा कीं, मुंबईचा 'खडूस'पणा गेला. हा शब्द घरांत शिवीसारखा वापरतात, पण मैदानांत ती मुंबईकरांची पदवी आहे. आपला बळी फुकट न देणारा, समोरच्यास दिवसभर कंटाळविणारा फलंदाज तो खडूस. "आयपीएलच्या पैशानें हीं पोरें बिघडलीं. वीस षटकांपलीकडे उभें राहवत नाहीं," असें एक सेवानिवृत्त गृहस्थ दर हंगामांत म्हणतात. त्यांस समोरच्या बांकावरील तरुण उत्तर देतो, "काका, सिद्धेश लाडचा डाव विसरलांत का?" आणि तें उत्तर बिनतोड असतें. २०१७ च्या नोव्हेंबरांत मुंबईचा पांचशेंवा रणजी सामना वानखेडेवर झाला. बडोद्यानें पावणेसहाशें धांवा ठोकल्या होत्या, आणि अब्रू जाण्याची वेळ आली होती. तेव्हां सिद्धेश लाड यानें दोनशें अडतीस चेंडू खेळून नाबाद एकाहत्तर धांवा केल्या व सामना अनिर्णित राखला. काका त्यावर खिडकीबाहेर पाहूं लागतात.

व्यवस्थापनाच्या प्रकरणांत मात्र दोन्ही बांक एक होतात. चंद्रकांत पंडित हा मुंबईचा जुना यष्टिरक्षक. तो विदर्भाचा शिक्षक झाला, आणि विदर्भानें २०१८ व २०१९ सालीं ओळीनें करंडक नेला. त्याच विदर्भासाठीं मुंबईचाच वसीम जाफर चाळिशीच्या घरांत धांवांच्या राशी ओतीत होता. पुढें पंडित मध्यप्रदेशास गेला, आणि २०२२ च्या जूनमध्यें बंगळुरास त्याच्या संघानें अंतिम सामन्यांत हरविलें तें कोणास? मुंबईसच. आपल्या घरचें दिवे दुसऱ्याच्या ओटीवर उजेड पाडतात, आणि आपण मात्र अंधारांत चांचपडतों, ही तक्रार अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. तथापि माझें मत असें कीं, ज्या शहरांत इतके जाणते खेळाडू निपजतात, त्या सर्वांस तेथेंच पोसणें कोणत्याहि मंडळास शक्य नाहीं. मुलगी सासरीं गेली म्हणून आईबापांस बोल लावण्यापैकींच हें आहे.

राहिलें मैदान. वानखेडेचा जन्मच एका भांडणांतून झाला. १९३७ पासून मोठे सामने ब्रेबर्नवर होत. तेथील क्लबाशीं प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून बिनसलें, तेव्हां तेथून हांकेच्या अंतरावर दुसरें मैदान उभें राहिलें, आणि १९७५ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजविरुद्ध तेथें पहिला कसोटी सामना झाला. कल्याणकरास तेथें जाणें अवघड नाहीं. बोरीबंदरास उतरावें, आझाद मैदानाच्या कडेनें चालत जावें, क्रॉस मैदान ओलांडून चर्चगेटकडे वळावें. ही पाऊण तासाची पायपीट मीं कैक वेळां केली आहे, आणि तिच्याइतका सुंदर रस्ता मला मुंबईंत दुसरा ठाऊक नाहीं. एकाच पटांगणांत डझनावारी सामने चाललेले असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाला पाठ लावून उभा असतो, आणि कोणाचा चेंडू कोणाचा हें त्यांचें त्यांसच कळतें. पुष्कळसे रणजी सामने अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलांतील मैदानावर होतात. त्यासाठीं कुर्ल्यास उतरून रिक्षेवाल्याची मनधरणी करावी लागते, याचा आमच्या डब्यांत फार राग आहे.

परंतु त्याच मैदानावर २०२४ च्या फेब्रुवारींत जें घडलें, त्यानें कल्याणची मान उंच झाली. उपान्त्यपूर्व सामन्यांत बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावांत नऊ गडी बाद झाल्यावर तनुष कोटियन व तुषार देशपांडे एकत्र आले, आणि त्यांनीं दोनशें बत्तीस धांवा जोडल्या. दहाव्या क्रमांकाचा कोटियन नाबाद एकशें वीस, अकराव्याचा देशपांडे एकशें तेवीस! शेवटच्या दोघांनींहि शतकें करावीं, असें प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत यापूर्वीं एकदांच झालें होतें. १९४६ सालीं इंग्लंडांत सरेविरुद्ध चंदू सरवटे व शुटे बॅनर्जी यांनीं तो पराक्रम केला होता. हा तुषार देशपांडे आमच्या कल्याणचा. शिवाजी पार्कवर निवडीसाठीं गेला असतां फलंदाजांची रांग फार लांब पाहून तो गोलंदाजांच्या आंखूड रांगेंत जाऊन उभा राहिला, ही हकीकत त्यानेंच सांगितली आहे. संध्याकाळच्या परतीच्या गाडीची ज्यास चिंता आहे, असा कोणताहि कल्याणकर हेंच करील. पुढच्या महिन्यांत वानखेडेवर विदर्भास एकशें एकोणसत्तर धांवांनीं हरवून मुंबईनें बेचाळिसावा करंडक घेतला. कर्णधार होता अजिंक्य रहाणे, म्हणजे डोंबिवलींत वाढलेला मुलगा. लहानपणीं रिक्षेला पैसे नसत म्हणून एका कडेवर धाकटें मूल व हातांत अजिंक्यची क्रिकेटची पिशवी घेऊन त्याची आई मैलच्या मैल चालत जाई. वडिलांनीं त्यास गाडीनें एकट्याला जाऊं द्यावयास सुरुवात केली, तेव्हां तो नीट जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते मागच्या डब्यांत बसून गेले होते.

हें ऐकलें म्हणजे मला आमच्या वादसभेंतील एक उणीव जाणवते. वानखेडेच्या खेळपट्टीवर तासभर बोलणारा गृहस्थ स्वतःच्या गांवच्या मैदानाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. कल्याणास सुभाष मैदान आहे. लाखोंच्या वस्तीच्या या गांवांत चेंडू मोकळा फेंकावा अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच; त्यांवरहि सभा आणि प्रदर्शनें यांचे मांडव पडतात, आणि मांडव उठल्यावर खिळे व खड्डे मुलांच्या वांट्यास येतात. म्हणून दहा-बारा वर्षांचा मुलगा स्वतःच्या उंचीची पिशवी पाठीवर घेऊन पहांटेच्या गाडींत चढतो. त्या पिशवीला जागा लागते म्हणून त्याच्यावर खेंकसणाऱ्यांत संघाचे कट्टर अभिमानीहि असतात. मीं एकदां एका अशा मुलाची पिशवी मांडीवर घेतली होती. दादरपर्यंत माझ्या गुडघ्यांस तिनें चांगलीच आठवण दिली.

२०२५ च्या जानेवारींत पुन्हा कुर्ल्याच्याच वाटेवर जम्मू-काश्मीरनें मुंबईस पांच गडी राखून हरविलें. रोहित शर्मा, रहाणे, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर अशीं भारताकडून खेळलेलीं नांवें एकाच संघांत होतीं, आणि पहिला डाव एकशें वीस धांवांत आटोपला! दुसऱ्या डावांत शार्दूल ठाकूरनें एकशें एकोणीस धांवा करून थोडी लाज राखली. दुसऱ्या दिवशीं गाडी डोंबिवली सोडून गेली तरी जल्प सुरू होईना. सगळेच मान खालीं घालून बसले होते. अखेर त्या तरुणानें भीत भीत म्हटलें, "काका, शार्दूल तरी बरा खेळला."

काकांनीं वर्तमानपत्राची घडी घातली. "पालघरचा तो. पश्चिम रेल्वेनें येतो," ते म्हणाले, "आपल्या बाजूचा असता तर दीडशें केल्या असत्या."