दारूचा आळ

आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्साला येत, तेव्हा बाकांच्या कडांना अडखळत. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत शेजारच्यांना त्यांचा धक्का लागे. लोक कुजबुजत, 'सकाळीच घेतलेली दिसते!' आम्हीही ते खरे मानले. एके दिवशी त्यांना बोलावून आम्ही दारूच्या दुष्परिणामांवर उपदेश केला. तो निमूटपणे ऐकून ते म्हणाले, "फादर, मी थेंबही घेत नाही. समोरचं सगळं हलतं, आणि बाजूचं दिसतच नाही."

तेव्हा प्रथमच आम्ही त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. एक डोळा वर जाई तेव्हा दुसरा खाली येई, आणि लगेच उलट घडे. बागेतल्या सी-सॉवर दोन मुले खालीवर व्हावीत, तसे ते डोळे होत होते.

आम्ही त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. या दोषाला 'सी-सॉ निस्टॅग्मस' असेच नाव आहे. मॅडॉक्स या नेत्रतज्ज्ञांनी १९१४ साली त्याचे वर्णन केले होते. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोगिरासारख्या खळग्यात, वाटाण्याएवढी पिट्यूइटरी ग्रंथी असते. तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंचा चौक आहे. तेथे नाकाकडील अर्ध्या नेत्रपटलांतून आलेले तंतू एकमेकांना ओलांडतात. त्या जागी गाठ वाढून हे तंतू दबले, की उजवी-डावी बाहेरची बाजू दिसेनाशी होते. गाठ मोठी असली, तर क्वचित डोळे असे खालीवरही होऊ लागतात. एमआरआयमध्ये तशीच गाठ आढळली. ती कर्करोगाची नव्हती. नाकावाटे शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली. आता डोळ्यांची हालचाल पुष्कळ मंदावली आहे. बाजूची दृष्टी मात्र पूर्ण परतलेली नाही.

"आणखी लवकर यायला हवे होते," असे डॉक्टर म्हणाले. ते बोल आमच्या जिव्हारी लागले. आमच्या उपदेशाचे दिवस त्या उशिरात जमा होते.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीही आधी पाप कोणाचे, हेच विचारले होते. योहानाच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगावर आम्ही कितीदा तरी प्रवचन केले आहे! पुढच्या रविवारी, त्यांच्या अनुमतीने, आम्ही वेदीवरूनच त्यांची क्षमा मागितली. आळ चारचौघांत आला होता. क्षमाही चारचौघांत मागणे उचित होते.

प्रिय वाचकहो, आपल्या घरी कोणी वारंवार दाराच्या चौकटीला धडकत असेल, तर रागावण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्या.