सातबारा: चावडीपासून संगणकापर्यंत

सातबारा उतारा हा महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सर्वाधिक वेळा लागणारा सरकारी कागद. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन नमुने त्यात एकत्र येतात. वरच्या भागात गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार, भोगवटादारांची नावे, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुळ, विहिरीतला हिस्सा किंवा बँकेचा बोजा. खालच्या भागात कोणत्या हंगामात काय पेरले ते. पीककर्ज, पीकविमा, ठिबकचे अनुदान, कृषिपंपाची वीजजोडणी, गारपिटीची भरपाई, यांतले काहीही मागायला गेले की आधी सातबारा मागतात. तो हातात नसेल तर पुढच्या साऱ्या योजना कागदावरच राहतात.

हस्तलिखिताच्या काळात हा उतारा तलाठ्याकडून मिळे. एका सज्जात दोन-तीन गावे असत आणि तलाठी कोणत्या दिवशी कोणत्या गावी बसेल याचा फलक असे. पण तहसीलची बैठक, पंचनामा, निवडणुकीचे काम यांत तो फलक नावापुरताच उरे. जूनच्या तोंडावर सोसायटीचे कर्ज उचलायची घाई आणि त्याच दिवसांत तलाठ्याकडे गर्दी. प्रस्तुत लेखक सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याचा; घरची कोरडवाहू जमीन आणि पुढे तालुक्याच्या गावी चालवलेले सेवा केंद्र, अशा दोन्ही बाजूंनी या कागदाशी त्याचा संबंध आला. त्याच्या लहानपणी घरातला मोठा माणूस उताऱ्यासाठी निघाला की बाजाराचीही पिशवी बरोबर घेई, कारण उतारा त्या दिवशी मिळेलच याची खात्री नसे. चहापाण्याचा खर्च वेगळा. तो कोणी लाच मानत नसे, यातच सगळे आले.

अक्कलकोटच्या सीमेला लागून कर्नाटकातले आळंद आणि अफझलपूर हे तालुके आहेत. सोयरिकी दोन्हीकडे, म्हणून जमिनीही दोन्हीकडे. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात २००० नंतरच्या पहिल्याच दोन-तीन वर्षांत हस्तलिखित उतारे बंद केले आणि तालुक्याच्या ठिकाणी १५ रुपयांत छापील 'पहाणी' द्यायला सुरुवात केली. पलीकडची पहाणी यंत्रातून निघते आणि अलीकडचा सातबारा अजून तलाठ्याच्या दप्तरात, ही तुलना सीमेवरच्या पारावर अनेक वर्षे चालली. तिच्यात थोडा अन्यायही होता. संगणकीकरणाची सुरुवात महाराष्ट्रातही लवकर झाली होती. १९८८-८९ साली केंद्राने देशातले आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून निवडले, त्यांत वर्धा होता. पुढे २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. आरंभ होऊनही काम रेंगाळले, याचे कारण यंत्रांची टंचाई एवढेच नव्हते.

मुख्य कारण होते ते दोन सातबारे. संगणकात एकदा माहिती भरली तरी गावात हस्तलिखित चालूच राहिले. नवी नोंद तलाठी आधी हाताने करी, संगणकात ती नंतर येई किंवा येतच नसे. त्याआधीचाही घोळ होता. हस्तलिखित सातबाऱ्यांचे साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई आणि प्रत्येक पुनर्लेखनात काही ना काही सुटे: एखादा वारस, एखादा बोजा, क्षेत्रातला एखादा आर. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना बेरजा चुकल्या. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा आणि आर बरोबर १०० चौरस मीटरचा. फरक किरकोळ, पण एका गटात आठ हिस्सेदार असले की हिश्शांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळेना. माणूस असली तफावत नजरेआड करतो. संगणक करत नाही, तो नोंदच अडवून धरतो. त्यामुळे संगणकीकरणाने चुका निर्माण केल्या अशी जी ओरड झाली, ती निम्मीच खरी होती. काही चुका टंकलेखनाच्या होत्या हे मान्यच. बहुतेक मात्र जुन्या वह्यांत आधीच होत्या, फक्त त्यांची एकमेकांशी कोणी ताडणी केली नव्हती.

ही ताडणी २०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनातून झाली. प्रत्येक गावी संगणकातला सातबारा मोठ्याने वाचून दाखवायचा, खातेदारांनी हरकती सांगायच्या, तलाठ्याने हस्तलिखिताशी मेळ घालायचा आणि मग दुरुस्ती करायची, अशी ती मोहीम. प्रस्तुत लेखक आपल्या गावच्या वाचनाला खातेदार म्हणून हजर होता. देवळाच्या मंडपात सतरंजी, एका टेबलावर छापील गठ्ठा, दुसऱ्यावर जुन्या वह्या. अक्कलकोट तालुक्यात अनेक घरांत कानडी बोलतात आणि सातबारा असतो मराठीत. म्हणून तलाठी वाचत होता आणि गावचा कोतवाल अधूनमधून तेच कानडीत सांगत होता. कोणाचे आडनाव दोन तऱ्हांनी लागलेले, कोणाचा दहा-बारा वर्षांपूर्वी फिटलेला सोसायटीचा बोजा अजून तसाच, कोणाच्या नावापुढचे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, भावांच्या वाटण्या होऊन गेल्यावरही कायम.

सगळ्यात जास्त कुजबुज झाली ती बहिणींच्या नावांवरून. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. गावच्या दप्तरात मात्र कित्येक ठिकाणी विधवा आणि मुली 'इतर हक्क' या रकान्यात वारस म्हणून बसवलेल्या होत्या, आणि काही ठिकाणी बसवलेल्याच नव्हत्या. त्या दिवशी नावे मोठ्याने वाचली जाताना माहेरी आलेल्या दोघी-तिघी मागे उभ्या राहून ऐकत होत्या. एकीने आपले नाव का आले नाही असे सरळ विचारले. तिच्या भावाने हक्कसोडपत्र झाले आहे असे सांगितले. फेरफार वही उघडली तर तसा फेरफार नव्हता. प्रकरण तिथे मिटले नाही, ते तहसीलला गेले. एरवी अशी नोंद पाहायला तिला तलाठ्याकडे अर्ज करून, भावाच्या नजरेसमोर, वही मागावी लागली असती. वाचन सर्वांसमोर होते, एवढ्यानेच तो प्रश्न विचारणे शक्य झाले.

चुकांची दुरुस्ती पुढे महिनोन् महिने चालली. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. तलाठ्याला आपल्या अधिकारात नाव किंवा क्षेत्र बदलता येत नाही. दिवसा यंत्रणेवर ताण असल्याने अनेक तलाठी रात्री कामाला बसत. त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या केंद्रातले इंटरनेट बरे चालते म्हणून दोघे तलाठी जेवणानंतर तिथे येऊन बसत आणि पहाटेपर्यंत एकेक गट निकालात काढत. डिजिटल सेवेचा इतिहास लिहिताना या जागरणांना सहसा ओळ मिळत नाही.

१ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तलाठी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने उतारा प्रमाणित करतो. शेतकरी किंवा त्याच्या वतीने कोणीही गट क्रमांक टाकून, १५ रुपये भरून तो संकेतस्थळावरून उतरवून घेतो. महाभूलेखवर सातबारा विनामूल्य पाहता येतो, पण तो केवळ माहितीसाठी. स्वाक्षरीच्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो आणि वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही असे त्यावरच छापलेले असते. ते मान्य व्हायला मात्र वेळ लागला. सुरुवातीला एका बँक शाखेतून केंद्राची गिऱ्हाइके परत येत: उतारा बरोबर आहे, पण तलाठ्याचा गोल शिक्का आणा. तलाठी म्हणे, शिक्क्याची गरज नाही असे सरकारच सांगते. दोघेही आपापल्या जागी ठाम, आणि मध्ये शेतकरी उन्हात. पडताळणी क्रमांक टाकून खात्री कशी करायची हे शाखेतल्या कारकुनाला कोणी दाखवले नव्हते. दाखवल्यावर अडवणूक थांबली.

उतारा मिळणे आणि उताऱ्यातली नोंद बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोबाइलवर सगळे झटपट पाहायची सवय लागलेल्यांच्या लक्षात राहत नाही. ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती थेट तलाठ्याकडे येते. खरेदीदाराने नकला घेऊन फिरण्याची गरज उरत नाही. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंद, बोजा चढवणे-उतरवणे यांचे अर्ज घरून करता येतात. पण त्यानंतर कायद्याने ठरवलेली वाट चालावीच लागते: नोंद फेरफार वहीत, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त ठरून सुनावणीला जाते. केंद्रात येणारे अनेक जण हे १५ दिवस म्हणजे सरकारी दिरंगाई समजत. ती मुदत नसती तर वर सांगितलेल्या बहिणीसारख्यांना आपले म्हणणे मांडायला जागाच राहिली नसती. संगणकाने अर्जाचा प्रवास कमी करावा, हरकतीचा अवधी नव्हे.

नमुना १२ चा कायापालट १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने केला. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेल्या या ॲपमधून शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो आणि नोंद चढवतो. ४८ तासांत ती दुरुस्त करता येते आणि तलाठी सुमारे १० टक्के नोंदींची पडताळणी करतो. पूर्वी पीक पाहणी तलाठ्याचे काम होते, आणि एवढ्या गटांत त्याने प्रत्यक्ष जाणे अशक्य असल्याने बरीच पाहणी चावडीत बसूनच होई. तुरीच्या जागी गेल्या वर्षीची ज्वारी लागलेली दिसे आणि विम्याच्या वेळी शेतकरी अडे. आता पेरले ते लागते, हा फायदा निर्विवाद आहे. अडचणी वेगळ्या आल्या. शेतात रेंज नाही, मोबाइल साधा, नाहीतर मोबाइल पुण्याला असलेल्या मुलाच्या नावावर आणि ओटीपी त्याच्याकडे. म्हातारी माणसे शेजारच्या पोराला शेतात घेऊन जात. पुढच्या आवृत्तीत छायाचित्र गटाच्या हद्दीपासून किती दूर काढले तेही कळू लागले, त्यामुळे घरी बसून नोंद चढवण्याची पळवाट बंद झाली, पण ज्यांना खरोखर मदत हवी त्यांचे काम वाढले. नंतर गावोगावी सहायक नेमले गेले. म्हणजे स्वयंसेवेच्या सोयीलाही अखेर माणूस लागलाच.

मधला माणूस नाहीसा होईल हे डिजिटल सेवेचे सुरुवातीचे आश्वासन होते. केंद्र चालवणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर तो नाहीसा झाला नाही, बदलला. १५ रुपयांच्या उताऱ्यासाठी केंद्रात छपाई धरून दुप्पट-तिप्पट पैसे मोजणारे रोज येतात, आणि ते फसवले गेले असे म्हणता येत नाही. गट क्रमांक माहीत नसतो, मराठीतले नाव नेमके कसे लागले आहे ते शोधावे लागते, ऑनलाइन पैसे भरता येत नाहीत. महत्त्वाचा फरक असा की तलाठी एकच होता, केंद्रे चार आहेत. एकाने जास्त सांगितले तर शेतकरी रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जातो. शिवाय २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. ती उलटली तर पहिले व दुसरे अपील खात्यातच आणि तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. या अपिलाचा अर्ज भरून द्या म्हणून केंद्रात येणारे मात्र फारच थोडे. ज्याच्याकडे पुन्हा काम पडणार त्याच्याविरुद्ध लिहून द्यायला माणूस कचरतो. संकेतस्थळ त्यावर उपाय करू शकत नाही.

मृतांच्या नावावर राहिलेले सातबारे हा जुना प्रश्न २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेने हाती घेतला. बुलढाणा जिल्ह्यात आधी प्रयोग झाला आणि १ एप्रिलपासून मोहीम राज्यभर गेली: गावातल्या मयत खातेदारांची यादी तलाठ्याने करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि नोंद विनाशुल्क लावायची. यात अर्जदाराने दारात येण्याची वाट न पाहता कार्यालयाने गावात जायचे होते, आणि म्हणूनच ज्या घरांत आजोबांच्या नावावर तिसरी पिढी नांगरत होती तिथे काही वर्षांत जे झाले नव्हते ते काही आठवड्यांत झाले. अडले ते बहुधा भावकीपाशी किंवा मृत्यूच्या दाखल्यापाशी. जुने मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदलेलेच नसतात.

सातबारा जमीन किती आणि कोणाची हे सांगतो. ती नेमकी कुठे संपते हे सांगत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागते. तिचा अर्ज आता ऑनलाइन होतो आणि साखळीऐवजी उपग्रहाधारित रोव्हर वापरतात, त्यामुळे मोजायला कमी वेळ लागतो. मात्र जुना नकाशा, सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाट या तिन्हींचा मेळ बसेलच असे नाही. तो न बसल्यास लगतच्या खातेदारांना नोटिसा देऊन, त्यांच्या समक्ष, मोजणीदाराला खुणा दाखवाव्या लागतात, आणि त्या मान्य नसणारा पुन्हा वरच्या दर्जाच्या मोजणीसाठी अर्ज करू शकतो.