गरम बोनेट, गप्प इंजिन

सेकंडहँड गाडी विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो : ‘इंजिनचा आवाज ऐका, काही आहे का?’ बरेचदा खरंच काही नसतं. पण आवाज नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असा अर्थ काढायची घाई करू नका.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दादासाठी जुनी डिझेल बोलेरो शोधत होतो. दादा माझा चुलतभाऊ. बारा वर्षं तो जव्हार-मोखाडा रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवतोय. आमच्याकडे रेल्वे नाही. २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत यायला आजही बऱ्याच ठिकाणी जीपच लागते. बाजार, कॉलेज, रात्री कळा सुरू झालेली बाई, सगळे त्याच सीटवर. त्यामुळे घाटात इंजिन बसलं, तर प्रश्न फक्त गॅरेजच्या बिलाचा नसतो. त्यात पैसे अर्धे माझ्या बचतीतले आणि अर्धे वहिनीच्या बचत गटाच्या कर्जाचे.

मी पुण्यात कोड लिहितो. बग सापडत नसेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, ही कामाची सवय. इंजिन ऐकतानाही नेमकं हेच करावं लागतं.

पहिली गोष्ट : इंजिन थंड हवं. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली उतरलेलं असतं. सेल्फ मारल्यावर ते वर पोचेपर्यंतच्या दोन-चार सेकंदांत झिजलेले भाग बोलतात. म्हणून चावी फिरवायच्या आधी बोनेटवर हात ठेवायचा.

दुसरी गोष्ट : ठेका. साध्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो, तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. गाडी ८०० आरपीएमवर उभी असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सात वेळा उघडतो. वरच्या बाजूने येणारी हलकी, भरभर टिकटिक या ठेक्यात असेल, तर ती बहुधा टॅपेटची असते. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ती फट सेट करता येते, काम किरकोळ. पण खालून येणारा जड, ठोक-ठोक असा आवाज वेगळा. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असेल, तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी गोष्ट : लोड. उभ्या गाडीत रेस देऊन अर्धंच कळतं. माणसं भरून चढ चढवला की बेअरिंगचा ठोका वाढतो. चौथी गोष्ट : चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण जपून सैल करून बघायचं. तिथून धुराचे जोरदार फुत्कार आले, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजल्याची शक्यता मोठी. मेकॅनिक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

पहिली बोलेरो एका एजंटकडे होती. चकचकीत पॉलिश, नवी सीट कव्हरं, आणि इंजिन इतकं गप्प की मला आवडलंच. दादाने बोनेटवर हात ठेवला. सकाळचे आठ वाजलेले आणि पत्रा चांगलाच गरम. मग त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल गरम असूनही काकवीसारखं ओघळत होतं. घट्ट ऑइल झिजलेल्या फटी भरून काढतं आणि आवाज काही दिवस दाबून ठेवतं.

“उद्या येतो, भाऊ. तोवर चालू करू नका,” दादा म्हणाला.

“उद्या दुसरी पार्टी येतेय,” एजंट म्हणाला.

“मग त्यांना द्या.”

त्या इंजिनात नक्की काय बिघाड होता, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तो आवाज लपवलेला होता, एवढं पुरेसं होतं.

दुसरी गाडी खोडाळ्याकडच्या एका शेतकऱ्याची. बोनेट गार. सेल्फ मारताच टिकटिक सुरू. मी फोनवर रेकॉर्ड करून ॲपमध्ये ठेका मोजला. दादाने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्यापासून दूर इंजिनच्या वरच्या कव्हरला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. दोघांचं उत्तर एकच आलं : टॅपेट. मग सहा जण बसून चढ चढलो. ठोका नाही, निळा धूर नाही. झाकणातून जेमतेम वाफ. मालक स्वतःहून म्हणाला, “आवाज करते हो, पण कधी थांबली नाही.” त्या टिकटिकीसाठी त्याने पंधरा हजार कमी केले. गाडी घेतली.

टॅपेट सेट झाल्यावर मी दादाला एक काम लावलं. महिन्यातून एकदा पहाटे, पहिल्या सेल्फचा तीस सेकंदांचा आवाज त्याने मला पाठवायचा. आता माझ्याकडे सात फाइल्स आहेत, एकीसारखी दुसरी. दादा म्हणतो, त्याला फाइल्सची गरज नाही. खरंच असेल, तो रोज ऐकतो. पण कधीतरी तो आजारी पडेल आणि गाडी दुसरा कुणी चालवेल. त्या माणसाला या इंजिनचा नेहमीचा आवाज माहीत असायला हवा. तरच बदललेला आवाज त्याला घाटाच्या आधी ओळखू येईल.