दोन डोंग्यांची जोडी

मारेगाव तालुक्याच्या एका अंगानं वर्धा नदी वाहते. पल्याड चंद्रपूर जिल्हा. सोयरिकी दोन्ही काठांना. पुलावरून जायचं तर मोठा फेरा पडतो, म्हणून पावसाळा सरल्यावर आम्ही घरची मंडळी पल्याडच्या तेरवीला डोंग्यानं निघालो. डोंगा चालवणाऱ्या ढिवर काकांनी सुट्या डोंग्यात कुणालाच बसू दिलं नाही. "जोडल्याबिगर बायापोरं नेत नाई मी," म्हणाले.

डोंगे काठावर, रिकामे असतानाच जोडले. मधे हातभर जागा सोडली. अगदी खेटून बांधले तर मधलं पाणी उसळून आत येतं. बैलांच्या खांद्यावर जू बसावं तसे दोन जाड बांबू आडवे टाकले, एक पुढं, एक मागं. एकाच जागी बांधलं तर डोंगे मागून फाकतात, परत आपटतात, आणि मधे हात सापडला तर बोटांचा चेंदा होतो. दोरी नायलॉनची. ती ओली झाली की सरकते, म्हणून काकांनी वेढे जास्त घेतले. शेवटची मात्र सुरगाठ, अडचणीत झटकन सुटावी म्हणून. तिचं लोंबतं टोक माझ्या हाती देत म्हणाले, "मी म्हणलं का हिसका द्यायचा. त्याच्या आंधी हात लावायचा नाई." गाठ सुटलीच नाही तर दोरी कापायला कोयता त्यांनी स्वतःच्या पायाशी ठेवला.

सगळ्यांसाठी अशा दोन जोड्या लागल्या. दुसरी जोडी पहिलीच्या मागं बांधून घ्यावी, असं आमच्यातल्या एकानं सुचवलं. काका ठाम नाही म्हणाले. पुढची जोडी पाण्याखालच्या खुंटाला अडली, तर बांधलेली मागची धारेच्या जोरानं तिच्यावरच येऊन आदळते. दोन जोड्यांत चांगलं अंतर ठेवूनच आम्ही निघालो. मधल्या धारेत आजी एका बाजूला सरकली. बांबू करकरले, पण डोंगा कलला नाही.

याच नदीत, वर वरूड तालुक्यात, १४ सप्टेंबर २०२१ रोजी नाव उलटून ११ जण बुडाले. जोडणीनं तोल सांभाळला जातो, भाराची मर्यादा मात्र संपत नाही. जास्त माणसं भरली तर दोन्ही डोंगे सोबत बुडतील. निम्न वर्धा आणि बेंबळा धरणांतून पाणी सोडलं असेल, तेव्हा तर कितीही पक्की जोडणी असो, नदीत उतरूच नये.

आमच्या काठावर लाईफ जॅकेट एकही नव्हतं. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं डोंगेवाल्यांना ती पुरवावीत, आणि प्रवाशांनीही ती मागून घ्यावीत.