शिकारीचं बुकिंग

मंडळाच्या हळदीकुंकवाला मी सहज बोलून गेले की एप्रिलमध्ये आम्ही दोघं गाईडबरोबर लाल हरणाच्या शिकारीला जाणार आहोत, आणि पुढचा अर्धा तास तिळगूळ बाजूलाच राहिला. "कायद्यानं चालतं का?" पासून "अगं, पण तुझं सासर माळकरी ना?" पर्यंत सगळे प्रश्न आले. शेवटी कुणीतरी म्हणालं, अंकासाठी लिहूनच दे. म्हणून हा लेख.

कल्पना नवऱ्याची. त्याच्या ऑफिसमधला एकजण दरवर्षी शिकारीला जातो आणि आम्हाला हरणाच्या पाठीचं मटण आणून देतो. त्यात चरबी जवळजवळ नसते. आपल्या सवयीनं कुकरच्या शिट्ट्या काढल्या तर चामडं होतं; कांदा-लसूण चटणी लावून तव्यावर झटपट परतलं तर सुरेख लागतं. नवरा निपाणीचा. घरी आई-वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. हा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेल्यावर खायला शिकला. एका रात्री जेवताना म्हणाला, "पंधरा वर्षं प्लॅस्टिकच्या ट्रेमधलं खातोय. एकदा आपल्या हातानं करून बघावं. जमलं नाही तर खायचंही सोडावं."

मी पिरनवाडीची. आमच्याकडे रविवारी मटण आणि यात्रेला बकरं, त्यामुळे जनावर कापताना बघणं मला नवं नाही. मला धास्ती होती ती बंदुकीची. पण घरात एक्सेल शीट माझ्याकडे असते, म्हणून चौकशी मीच केली.

इथं सरकारी संवर्धन खात्याच्या जमिनीवर शिकारीचा परवाना ऑनलाइन, फुकट मिळतो. अडचण बंदुकीची, तिला लायसन्स लागतं. मात्र लायसन्सवाल्याच्या थेट देखरेखीखाली दुसऱ्यालाही ती चालवता येते, आणि गाईडचा धंदा बराचसा यावरच चालतो. गाईडमध्ये पुन्हा दोन तऱ्हा. एक, कुंपण घातलेली मोठी खासगी इस्टेट. तिथं मोठ्या शिंगांचे नर राखलेले असतात आणि शिंगांच्या मापावर बिल होतं, ते सहज काही हजार डॉलरवर जातं. दुसरी, मोकळ्या डोंगरातली पायपीट, हरिण दिसेल याची खात्री नाही. इस्टेटीचा कॉलम आम्ही दोघांनीही न बोलता डिलीट केला. कुंपणातलंच मारायचं तर यात्रेचं बकरं काय वाईट?

डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पिरनवाडीला होतो आणि गाईडला तारखा तेव्हाच कळवायच्या होत्या. त्यामुळे न्यूझीलंडमधल्या शिकारीची खरी बैठक आमच्या सोप्यात बसली.

पिरनवाडी म्हणजे बेळगावहून खानापूरकडे निघालं की लागणारं आमचं गाव. इथूनच जांबोटीला, पुढं चोर्ल्याला रस्ता फुटतो आणि जंगल तिकडूनच सुरू होतं. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकराखणीच्या लायसन्सवरची. माझ्या आठवणीत तिचा उपयोग एकच. निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. पण बाबा लहानपणी आजोबांबरोबर रानात गेलेले. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते सगळं संपलं. जांबोटीच्या पुढचं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. आता तिथं गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. हे योग्यच आहे, असं बाबाही म्हणतात. त्यांच्या डोळ्यांदेखत रान विरळ झालंय.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बंदूक कसली, किती लांबून मारायचं, वारा कुठला धरायचा, हे विचारून झालं. मग म्हणाले, "पाहुणं, नर का मादी?"

नवरा म्हणाला, "मादी, मामा."

बाबा काही बोलले नाहीत. उठून परड्यात गेले.

त्यांचं मला समजत होतं. आजोबांचा दंडक होता, मादीवर नेम धरायचा नाही आणि पिल्लं असतील तर बंदूक खांद्यावरून काढायचीच नाही. मलाही गाईडचा ईमेल वाचून पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. नराचा दर जास्त, मादीचा कितीतरी कमी, आणि खाली लिहिलेलं की मादी घेतलीत तर डोंगरावर उपकारच होतील. वाचायला विचित्र वाटतं. पण त्यामागचं कारण इथल्या मातीत आहे.

न्यूझीलंडमध्ये माणूस येण्याआधी जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. हरिण नव्हतं आणि हरणाला खाणारा वाघ-बिबट्याही नव्हता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेसाठी लाल हरणं विलायतेहून जहाजानं आणली. १८६१ मध्ये नेल्सन भागात सोडलेली तगली. सुरुवातीला त्यांना कायद्याचं संरक्षण होतं. पुढं ती इतकी वाढली की कोवळी रोपं खाऊन टाकल्यामुळे म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी झाडं उभी राहीनात. १९३० साली संरक्षण काढलं आणि सरकारनं पगारी शिकारी नेमले. साठच्या दशकापासून तर हेलिकॉप्टरमधून हरणं मारली जायला लागली. तरीही हरिण आहेच. एक नर मारला तर दुसरा नर त्याची जागा घेतो, पिल्लं तेवढीच होतात. संख्या कमी होते ती मादी मारल्यावर, आणि शिंगांच्या हौसेपायी शिकारी तिच्याकडेच बघत नाहीत. आजोबांचा दंडक खानापूरच्या रानासाठी बरोबर होता, कारण तिथं उद्या सांबर शिल्लक राहायला हवं होतं. इथं हिशेब उलटा आहे.

हेच बाबांना रात्री सांगितलं. त्यासोबत काश्मीरच्या हंगुलचंही सांगितलं. तो या लाल हरणाचाच भाऊबंद, दाचीगामच्या जंगलात आता थोडाच उरलाय. बाबांनी विचारलं, "मग हितली उचलून तिकडं सोडता येत न्हाईत व्हय?" नाही, जात वेगळी आहे, पण प्रश्न मला आवडला. समुद्राच्या एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि लोड बॅलन्सिंग होत नाही.

एवढं होऊनही पिल्लाचा प्रश्न राहिलाच. इथं हरिणी नोव्हेंबर-डिसेंबरात विते, म्हणजे एप्रिलमध्ये पिल्लू चार-पाच महिन्यांचं. ते चरतं, पण आईमागं असतं. मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, हिशेब मला पटला तरी पिल्लू शेजारी उभं असताना मी ट्रिगर ओढणार नाही आणि तूही ओढायचा नाहीस. तो म्हणाला, मग भावनेवरच चालायचं तर ट्रे काय वाईट होता? त्या रात्री आम्ही बरंच भांडलो, हळू आवाजात, कारण शेजारच्या खोलीत आई झोपली होती. सकाळी गाईडलाच विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं: आदल्या वर्षीची, अजून न व्यालेली मादी शोधू. तिच्यामागं पिल्लू नसतं, मटणही सगळ्यात कोवळं. मात्र ओळखायला वेळ लागेल, दोन दिवस हात हलवत परत यावं लागलं तर तक्रार करायची नाही.

"म्हंजे कालवड," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच मान हलवली.

तारीख अँझॅक डेच्या लाँग वीकएंडची घेतली. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये नर माजावर येऊन डरकाळ्या फोडतात, त्याला इथं 'रोअर' म्हणतात, आणि निम्मं न्यूझीलंड तेव्हा बंदूक घेऊन डोंगरात असतं. माणसाला हरिण समजून गोळी घातल्याच्या घटना इथं घडलेल्या आहेत. बंदुकीच्या सात नियमांत म्हणूनच एक आहे: समोर काय आहे याची तिळमात्र शंका असेल तर गोळी घालायची नाही. गर्दी ओसरू दे म्हणून आम्ही महिन्याची अखेर धरली, शिवाय भडक केशरी जाकिटं घेतली. हरणाला तो रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही, हे वाचून नवरा खूश, कारण त्याला ते जाकीट भारी शोभतं. त्याआधी दोन शनिवार रेंजवर सराव. पहिली गोळी नवरा झाडणार. मी झाडणार की नाही ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि गाईडनंही विचारलेलं नाही.

राहता राहिल्या सासूबाई. निपाणीला गेलो तेव्हा नवरा म्हणाला, नको सांगायला. पण त्या मेमध्ये दोन महिन्यांसाठी आमच्याकडे येणार आहेत आणि फ्रीजर एकच आहे. लपवणार कुठं? मीच सांगितलं. त्यांनी माळेचे दोन-चार मणी बोटांतून सरकवले आणि विचारलं, "ते जनावर कुणाचं असतंय तिथं?"

"कुणाचंच नाही, आई. सरकार म्हणतं जास्त झालीत."

"मुकं जनावर, त्याला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी येईपर्यंत घरात ठेवू नगासा. आणि ह्याला तिथनं फोन करायला सांग, हातपाय धड आहेत म्हणून."

तेव्हा मंडळी, मिळालं तर पंचवीसेक किलो मटण होईल. शिकारीचं मटण इथं विकता येत नाही, वाटता येतं. सासूबाईंचं विमान १४ मेला उतरतंय आणि त्याआधी फ्रीजर रिकामा करून, धुऊन ठेवायचाय. ज्यांना हवं असेल त्यांनी मला आधीच कळवा. कुकर लावू नका, एवढंच.