कातळामागचं पाणी

त्या दिवशी नोंदवहीत मी 'किंचित ओल' असं लिहिलं. भिंतीतून पाणी झिरपताना मला स्वच्छ दिसत होतं. पण झिरपा लिहिला असता तर शॉटक्रीट, म्हणजे भिंतीवर फवारायचं काँक्रीट, थांबवून निचऱ्याच्या नळ्या बसवाव्या लागल्या असत्या आणि अख्खी पाळी गेली असती. ते मला नको होतं.

मुंबईत एका खोल मेट्रो स्थानकाच्या खड्ड्यात मी साइट इंजिनिअर होतो. आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर २७ पैकी २६ स्थानकं जमिनीखाली आहेत, म्हणजे समुद्राशेजारच्या शहरात भूजलपातळीच्या खालीच काम. वरच्या भरावात आणि मऊ खडकात एकमेकांना छेदणारे सेकंट पाइल उतरवायचे. खाली पक्का कातळ लागला की रॉक बोल्ट, जाळी आणि वरून शॉटक्रीट. खडकाचे कोअर अखंड निघाले होते, त्या अखंडपणाचा आकडा, आरक्यूडी, उत्तम. त्या आकड्यावर मी नको तितका विसंबलो.

वास्तविक मला हे कळायला हवं होतं. मी मूळचा महागावचा. आमच्या वावरात विहीर खंदताना वर काळी माती, मग मुरूम, मग काळा गोटा लागला, तोही कोरडा ठणठणीत. खंदणारे मामा म्हणाले, "गोट्यातून नाही येत पानी, सांध्यातून येते." पुढे दोन थरांमधला तांबूस पट्टा लागला आणि तिथूनच झरा फुटला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा पट्टा आमच्याकडेही सापडतो आणि मुंबईतही. त्या भिंतीत तो माझ्या डोळ्यांसमोर होता. जाळी बांधणाऱ्या एका कामगाराने बोटही दाखवलं, "काल इथं कोरडं होतं, साहेब." मी त्याला जाळी पुरी करायला सांगितलं.

खडक कितीही टणक असो, मागच्या पाण्याला वाट दिली नाही तर ते भिंतीवर दाबत राहतं. दहा मीटर उंचीचं पाणी चौरस मीटरला दहा टन दाब देतं. सहा इंचांचं शॉटक्रीट तो दाब पेलण्यासाठी नसतंच. त्याला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी छिद्रं, लागतात. मी ती ठेवली नव्हती. पावसाने भूजल चढलं आणि रात्री खाटेएवढा तुकडा जाळीसकट सुटून खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं. यात माझी हुशारी काहीच नाही.

चौकशीत आधी मी 'अनपेक्षित भूस्तर' म्हणालो. हे त्या खोट्या नोंदीपेक्षाही वाईट होतं. भूस्तर अनपेक्षित नव्हता, आणि त्या कामगाराने तर आदल्या दिवशीच सांगितलं होतं. दुसऱ्या बैठकीत मी ते सगळं बोललो, त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहायला लावलं. सैल शॉटक्रीट काढून पट्ट्यालगत खोल छिद्रं पाडली, तेव्हा पहिल्याच नळीतून गढूळ पाण्याची धार सुटली. नोंदवहीतली जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून खरी नोंद लिहिली आणि सही केली.