छायाचित्रातील आपला वर्ण

धार-देवासकडील जुन्या मराठी घरांतून आजी-पणजींची छायाचित्रे अद्याप भिंतीवर आढळतात. त्यांतील कुंकू काळे दिसते! त्या काळच्या काचांना तांबडा रंग उमटवता येत नसे. कुंकू काळवंडे, सावळी कांती अधिकच सावळी होई. 1870 च्या दशकात राजा दीनदयाळ यांनी इंदुरात छायाचित्रणास आरंभ केला, तेव्हाही अडचण हीच होती. अशा काचेपुढे पावडर लावून बसणे आम्ही समजू शकतो.

आज कॅमेऱ्यास सर्व रंग दिसतात. सवय मात्र सुटलेली नाही. राजगढला आमच्या पुतणीचे लग्न झाले. मुलगी सावळी, तरतरीत. सजविणाऱ्या बाईंनी तिला दोन छटा उजळ केले. आरशात ते खपून गेले. फ्लॅशच्या छायाचित्रांत मात्र मुख पांढरेफटक, मान सावळी! अशा पावडरीतील टिटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड परतवून लावते. वहिनी चित्रे पाहून एवढेच म्हणाल्या, "ही आमची पोर नव्हेच." मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा वर्ण झाकावा, असे ठरविले तरी कोणी?

मुलींनो, रंग मनगटावर नव्हे, जबड्याच्या कडेशी लावून दिवसाच्या उजेडात पाहावा. मानेत मिसळेल तोच घ्यावा. थर पातळ असावा. चलच्चित्रात मान वळताच जाड थराची कड उघडी पडते. घामाची तकाकी टिपकागदाने टिपावी, वर पुन्हा पावडर थापू नये. भुरभुरणाऱ्या बटा ओल्या हाताने बसवाव्यात. एखादी सुटली तर सुटू द्यावी. आणि आदल्या दिवशी त्याच फ्लॅशने एक चित्र काढून पाहण्यास विसरू नये.